छिंगदाओ: ग्रॅनाइटचा डोंगर, अरुंद तोंडाची खाडी आणि ओहोटीचं गणित

छिंगदाओला जायचं तर एप्रिलचा शेवटचा आठवडा धरावा आणि 30 तारखेला परतीला लागावं. 1 मेच्या दुपारी बाराला पीत समुद्राच्या या भागात मासेमारी बंद होते, ती थेट 1 सप्टेंबरच्या दुपारी बाराला उघडते. आपल्याकडे बंदी दोन महिने, इथे चार. त्याच दिवशी कामगार दिनाची सुट्टी लागते आणि अर्धा उत्तर चीन या किनाऱ्यावर उतरतो. जूनमध्ये समुद्रातून हिरवं शेवाळ येऊन थडकतं. एप्रिलअखेर मात्र तिसऱ्या (खाण्याचे छोटे शिंपले) अंडी सोडण्याआधीच्या, म्हणजे मांसाने भरलेल्या असतात. सुरमईच्या कुळातला मासा बाजारात असतो आणि चहाची पहिली तोड सुरू झालेली असते. हवा दिवसा 15-16 अंश, रात्री 10 च्या आसपास. तोटा एकच, धुकं. पण त्याचीही एक रीत आहे. ती ओळखली तर दिवस वाया जात नाही.

नकाशा आधी डोळ्यांसमोर आणावा. शांतुंग द्वीपकल्पाच्या दक्षिण किनाऱ्यावर, 36 अंश उत्तर अक्षांशावर हे शहर आहे. पूर्वेला समुद्रातून सरळ वर उठलेला लाओशान डोंगर, पश्चिमेला ज्याओजोउ खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या चढ-उतारांवर वस्ती. शहराचं बहुतेक वैभव या डोंगरातून आणि या खाडीतून आलेलं आहे. बंदर, तिसऱ्या, चहा, बाटलीतलं पाणी, बिअरची कीर्ती, घरांचे दगड, कशाचंही मूळ शोधा, या दोघांपैकी एकापाशी जाऊन पोहोचाल.

पहिला दिवस: जुनं शहर

भारतातून थेट विमान नाही. चीनमधल्या एखाद्या मोठ्या शहरात बदलावं लागतं. ज्याओदोंग विमानतळ 2021 मध्ये सुरू झाला. तो शहरापासून लांब, खाडीच्या पलीकडे आहे. मेट्रोची 8 क्रमांकाची लाइन विमानतळाच्या खालूनच जाते आणि खाडीखालून छिंगदाओ उत्तर स्थानकाला येते. मुक्कामाला जुन्या रेल्वे स्थानकाचा परिसर उत्तम. पैशांसाठी अलीपे हे ॲप भारतात असतानाच फोनवर घ्यावं, कार्ड जोडावं आणि पासपोर्टची पडताळणी उरकावी. तिथे पोहोचल्यावर ओटीपीची वाट बघत बसायची वेळ येऊ नये. गूगलचे नकाशे निरुपयोगी, अमॅप वापरावा.

दुपारी उशिरा झान्च्याओ धक्क्यावर जावं. 1892 मध्ये छिंग राजवटीच्या सैन्याने रसद उतरवायला बांधलेला हा धक्का आज 440 मीटर लांब आहे आणि टोकाला आठकोनी मंडप आहे. इथल्या त्सिंगताओ बिअरच्या बाटलीवर हेच चित्र असतं. ओहोटीला धक्क्याच्या दोन्ही बाजूंचे काळे खडक उघडे पडतात आणि शाळकरी पोरं डबे घेऊन खेकडे शोधत फिरतात. त्यांच्या आज्या काठावरून ओरडत असतात. भाषा कळत नाही, पण ‘पाय घसरेल’ एवढं कुणालाही कळतं.

तिथून सिग्नल हिल. उंची शंभर मीटरला जरा कमी, चढ वीस मिनिटांचा. वरून लाल कौलांचा उतार, मागे जुनं बंदर आणि समोर समुद्र असा पूर्ण आराखडा दिसतो. टेकडीच्या पायथ्याला जर्मन गव्हर्नरचं निवासस्थान आहे. त्याच्या दर्शनी भागातले दगड हात लावून बघावेत. मुद्दाम ओबडधोबड ठेवलेले, मोठ्या कणांचे, गुलाबी-राखाडी. हाच ग्रॅनाइट शहरभर पायऱ्या, फरसबंदी आणि कुंपणाच्या भिंतींना आहे. बीजिंगच्या तिआनआनमेन चौकातल्या हुतात्मा स्मारकाची मुख्य शिळाही इथल्याच फूशान टेकडीतून 1953 मध्ये काढली होती. घडवून झाल्यावर ती साधारण 60 टनांची भरली.

जर्मनांनी नोव्हेंबर 1897 मध्ये ही खाडी ताब्यात घेतली आणि पुढच्या वर्षी 99 वर्षांचा पट्टा लिहून घेतला. प्रत्यक्षात ते 1914 पर्यंतच टिकले. मग जपान आला, आणि 1922 मध्ये शहर चीनला परत मिळालं. जर्मनांबद्दल एक गोष्ट प्रत्येक मार्गदर्शक सांगतो: शंभर वर्षांनी गटाराचा एक भाग मोडला, जर्मन कंपनीला विचारलं, तर उत्तर आलं की तीन मीटरवर खोदा, तेलकागदात गुंडाळलेला सुटा भाग सापडेल. ही निव्वळ दंतकथा. जर्मनांनी पावसाचं आणि मैल्याचं पाणी वेगळं वाहून नेलं, हे मात्र खरं. पण आजच्या शहराच्या मानाने ते जाळं अगदी लहान आहे.

संध्याकाळी बिअर पिशवीतून. कोपऱ्यावरच्या दुकानात स्टीलचे पिंप असतात. दुकानदार साध्या प्लास्टिकच्या पिशवीत बिअर सोडतो, तागडीत टाकतो आणि वजनावर पैसे घेतो. एक चिन म्हणजे 500 ग्रॅम. पिशवीची एक कड धरून मग्यात ओतायची. घरी नेणारे ती सायकलच्या हँडलला अडकवतात. कारखाना 1903 चा, मूळ जर्मन आणि ब्रिटिश व्यापाऱ्यांचा. त्सिंगताओ आता चीनच्या कितीतरी शहरांत बनते आणि बार्लीही मुख्यतः परदेशातून येते, त्यामुळे ‘लाओशानचं पाणी’ सगळ्याच बाटल्यांत असतं असं मानू नये. स्थानिक लोक दंगजोउ रस्त्यावरच्या ‘पहिल्या कारखान्या’ची बिअर मागून घेतात. तिथल्या संग्रहालयात न गाळलेली बिअर मिळते. तिच्यात यीस्ट जिवंत असतं, म्हणून ती काही दिवसच टिकते. भारतात आणायचा विचार करू नये.

दुसरा दिवस: होंगदाओ, खाडीचा तळ

हा दिवस ओहोटीला बांधलेला. कोकणातल्या माणसाला हे गणित पटकन कळेल, कारण चिनी पंचांगाचा महिनाही आपल्यासारखाच अमावास्येपाशी बदलतो. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढे-मागे उधाण, अष्टमी-नवमीला भांग (पाण्याची चढ-उतार सगळ्यात कमी), हे तेच. वेळ मात्र उलटी. मुंबईत अमावास्येला दुपारी बारा-साडेबाराला भरती भरलेली असते. छिंगदाओत त्या दिवशी भरती पहाटे पाचच्या सुमाराला आणि पूर्ण ओहोटी अकराच्या आसपास. तिथीतून एक वजा करा, 48 मिनिटांनी गुणा, अकरा वाजल्यापासून पुढे मोजा: ओहोटीची वेळ मिळते. तृतीयेला साडेबारा, पंचमीला सव्वादोन. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून सुरुवात. जोराचा वारा असेल तर वीसेक मिनिटं इकडेतिकडे. शेवटचा शब्द अर्थातच स्थानिक भरती-ओहोटीच्या तक्त्याचा, पण कुठला दिवस निवडायचा हे घरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून ठरवता येतं. भांगाच्या दिवसांत जाऊ नये. चिखल उघडाच पडत नाही.

होंगदाओ हे खाडीच्या उत्तरेचं टोक, पूर्वी बेट होतं. मेट्रोने होंगदाओ रेल्वे स्थानक, पुढे टॅक्सी. बहुतेक पाणथळ पट्टे शेतीसारखे भाडेपट्ट्याने दिलेले आहेत. तिथे पैसे भरून आत जायचं. बूट, दाताळं आणि जाळीची पिशवी भाड्याने मिळते. मोकळ्या किनाऱ्यावर कुणी अडवत नाही, पण तिथे हाती फारसं लागतही नाही. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पोहोचावं, उतरत्या पाण्यामागे आत जावं आणि ओहोटीची घटका आली की वळावं. परतताना धोका समुद्राकडून नसतो, मागच्या बाजूने असतो: चिखलातल्या ओढ्यांत पाणी आधी भरतं आणि माणूस मधल्या उंचवट्यावर अडकतो. धुकं असेल तर किनारा पन्नास पावलांवर दिसेनासा होतो. त्या दिवशी आत जाऊच नये.

एप्रिलअखेर पाणी 10-11 अंशांचं. अनवाणी दहा मिनिटांतच पाय बधिर होतात. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि आत लोकरी मोजे हवेतच.

शेजारी एक साठीची बाई काम करत होती. डोक्याला घट्ट रुमाल, हातात चार दातांचं आखूड दाताळं. ती मागे मागे सरकत ओढत होती, म्हणजे आपलाच पाय उकरलेल्या जागेवर पडत नाही. चिखलावर दोन बारीक भोकं अगदी जवळजवळ दिसली की खाली तिसरी, तीन बोटं खोल. एकच लांबट भोक असेल तर ते लांब शिंपल्याचं. त्याला खणायचं नसतं. चिमूटभर मीठ भोकात टाकलं की तो आपोआप वर येतो. अर्धा बाहेर आल्यावर धरायचा आणि हळू ओढायचा. घाई केली तर शिंपला हातात आणि मांस आत. तीन सेंटिमीटरच्या खालच्या तिसऱ्या ती न बघता, नुसत्या बोटांच्या अंदाजाने मागे टाकत होती. आमच्या पिशवीतल्या अर्ध्या तिने तशाच परत टाकल्या आणि वर दोन मुठी आपल्या घातल्या.

या तिसऱ्या आपल्याकडच्या तिसऱ्यांच्या कुळातल्याच, फक्त कवचावरची नक्षी जास्त ठळक. दोन कवचं शेजारी ठेवली तर नक्षी कधीच जुळत नाही. खाडी उथळ आहे, सरासरी खोली सातेक मीटर. तळ वाळूमिश्रित चिखलाचा, आणि दोन भरत्या रोज नवं पाणी आणतात. तिसऱ्यांना आणखी काय हवं? पण हे सगळं ‘नैसर्गिक’ आहे असं समजू नये. बियाणं मोठ्या प्रमाणावर दक्षिणेकडच्या फूच्येन प्रांतातून येतं आणि इथे चिखलावर पेरलं जातं. 2021 च्या वसंतात तारामाशांची धाड आली आणि कितीतरी शेतं रिकामी झाली. तारामासा कवच बाहूंनी ओढून फट पाडतो आणि पोट आत सोडून तिसरी पचवतो. सापडलेला तारामासा तोडून पाण्यात टाकू नये. मधल्या चकतीचा तुकडा शिल्लक राहिला तर बाहू पुन्हा फुटतात. बाहेर काढून उन्हात वाळवतात.

शिजवायची सोय असेल तर: एक लिटर पाण्यात 30 ग्रॅम मीठ, तिसऱ्या एकाच थरात, वर झाकण, दोन-तीन तास. अंधारात त्या तोंड उघडून वाळू टाकतात. ढीग केला तर खालच्या उघडत नाहीत, गोडं पाणी किंवा बर्फ घातला तर मरतात. मग कढई धूर येईपर्यंत तापवायची, तेलात सुकी लाल मिरची, आलं, लसूण, वर निथळलेल्या तिसऱ्या, मोठी आच, तीन-चार मिनिटं. मीठ अजिबात नको. एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त घातल्या तर कढई थंडावते, पाणी सुटतं आणि तळण्याऐवजी उकड होते. हॉटेलात हीच चूक गर्दीच्या वेळी होते. म्हणून सहाच्या आत जेवायला बसावं. सोबत पिशवीतली बिअर, हे सांगायला नकोच.

शाकाहारी मंडळींसाठी: समुद्री शेवाळापासून केलेली ‘लियांगफन’ नावाची पारदर्शक खळ गल्लोगल्ली मिळते. लाल शेवाळ किंचित व्हिनेगर घालून काही तास उकळतात, गाळतात, गार करून चौकोनी तुकडे पाडतात. आपण ज्याला चायना ग्रास म्हणतो तेच, पण खारट-आंबट: लसूण, व्हिनेगर, कोथिंबीर. वर सुकी कोळंबी भुरभुरतात, ती नको म्हणून आधीच सांगावं.

तिसरा दिवस: लाओशानचा समुद्राकडचा पदर

सकाळी दाट धुकं. एप्रिल ते जुलै हा इथला धुक्याचा हंगाम. दक्षिणेकडून येणारी दमट, उबदार हवा थंड समुद्रावरून सरकते आणि खालचा थर गोठल्यासारखा पांढरा होतो. ऑगस्टमध्ये समुद्र हवेइतकाच तापतो, वारा बदलतो आणि धुकं जवळपास एकदम थांबतं. हा थर बहुधा काहीशे मीटर जाडीचाच असतो. म्हणून किनाऱ्यावर काही दिसत नसेल तर हॉटेलात बसू नये. एक तर डोंगरावर वर जावं किंवा डोंगराच्या आतल्या बाजूला.

लाओशानमध्ये खाजगी गाड्या सोडत नाहीत. ताइछिंग, जूफंग, यांगकोउ, बेइज्यूश्वेइ असे वेगवेगळे विभाग आहेत, प्रत्येकाचं तिकीट वेगळं आणि आत त्यांचीच बस. एका दिवसात दोन विभाग करायला जाऊ नये. बसच्या रांगेतच दिवस संपतो. पासपोर्ट जवळ ठेवावा, तिकीट त्याच्यावरच मिळतं.

ताइछिंग हा ताओपंथीय मठ समुद्राच्या अगदी काठाला, तीन बाजूंनी डोंगराच्या कुशीत आहे. परंपरेने त्याची सुरुवात ख्रिस्तपूर्व 140 ला नेतात. इथे बघायची ती झाडं. उत्तरेचा वारा ग्रॅनाइटच्या भिंतीने अडवलेला आणि समोर समुद्राची ऊब, म्हणून कॅमेलियाची झाडं या अक्षांशावर उघड्यावर तगतात, भर हिवाळ्यात फुलतात. एप्रिलअखेर शेवटची लाल फुलं फरसबंदीवर पडलेली होती. झाडूवाला ती झाडत नव्हता, बाजूला सारून ठेवत होता.

याच डोंगराच्या दक्षिण किनाऱ्याला इसवी सन 412 मध्ये एक भरकटलेलं जहाज लागलं. त्यात शाळेच्या इतिहासात भेटलेला फाहियान होता. 399 मध्ये छांगआनहून निघून, भारतात वर्षं काढून, ताम्रलिप्ती आणि सिंहलद्वीपमार्गे तो परतत होता. जहाज जायचं होतं ग्वांगजोउला. वादळाने दिशा चुकली, पाणी संपत आलं, आणि भिक्षूमुळेच हे संकट ओढवलं म्हणून त्याला एखाद्या बेटावर उतरवून द्यायची भाषाही झाली. शेवटी वायव्येकडे बारा दिवस जाऊन किनारा लागला. ओळखीची रानभाजी दिसली तेव्हा त्यांना हा चीनच असल्याचं कळलं. इथे चांगलं पाणी आणि भाजी मिळाली, अशी नोंद त्याने केली आहे. हा फाहियान दख्खनमध्ये गेला नव्हता, पण तिथल्या खडकात कोरलेल्या पाच मजली विहाराचं ऐकीव वर्णन त्याने लिहून ठेवलं. लाओशानच्या पाण्याची त्याची नोंद मात्र स्वतः पिऊन केलेली.

दुपारी वांगगजुआंग, डोंगराच्या पूर्वेचं गाव. चहा मुळात दक्षिणेचं पीक. 1950 च्या दशकाच्या शेवटी तो इथे मुद्दाम आणून लावला. ग्रॅनाइट झिजून झालेली आम्लधर्मी, निचऱ्याची माती आणि धुकं या दोन गोष्टी अनुकूल, हिवाळा प्रतिकूल. नोव्हेंबरनंतर ओळींवर कमानी लावून प्लास्टिक ओढतात, मध्ये गवत अंथरतात. एका शेतकरी जोडप्याने सांगितलं ते लक्षात ठेवण्यासारखं: झाड नुसत्या थंडीने मरत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुळं गोठलेली असतात, वर कोरडा वारा पानातलं पाणी ओढतो, आणि झाड तहानेने मरतं. प्लास्टिक आहे ते वाऱ्यासाठी. आणि ते एकदम काढायचं नाही, आधी थोडी भोकं पाडायची, मग बाजू उचलायची. घाई केली आणि उशिराचं दहिवर पडलं तर पहिली तोड गेली.

तोड एक कळी-दोन पानांची. साडेचार-पाच किलो ओल्या पानांचा एक किलो चहा होतो. पान जाड असतं, चव भाजलेल्या वाटाण्याच्या पिठाकडे झुकणारी, रंग हिरवट-पिवळा. बाजारात दक्षिणेचा चहा लाओशानच्या नावाने सर्रास खपवतात. ओळखायचा उपाय सोपा: 150 मिली पाण्याला तीन ग्रॅम, पाणी 80-85 अंश, तीन वेळा पाणी बदलून प्यावा. लाओशानचा चहा तिसऱ्या पाण्यालाही उभा राहतो, आणि उरलेलं पान बोटांत धरलं तर मांसल लागतं. उकळतं पाणी ओतलं तर कुठलाही हिरवा चहा कडूच होणार, त्यात विक्रेत्याचा दोष नाही.

याच गावात चुलीवर लाकडं घालून वाफवलेले मोठाले मांथोउ मिळतात, एकेक तळहातापेक्षा मोठा, काहींत खजुरासारखी बोरं. आंबवलेल्या कणकेचे, शाकाहारी, दोन दिवस टिकतात. डोंगरावर नेण्यासाठी यापेक्षा चांगली शिदोरी नाही.

चौथा दिवस: जूफंग आणि पाणी

खाली धुकं तसंच. जूफंगला गेल्यावर केबल कारच्या वरच्या टप्प्यात ढग फाटले आणि ऊन आलं. शिखर 1132.7 मीटर, चीनच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर याहून उंच डोंगर नाही. शिखराचा अगदी माथा बंद आहे. त्याच्याभोवती फिरणाऱ्या वाटेवर आठ दगडी कमानी आहेत. चालायला तीन तास धरावेत, पायऱ्या उंच आहेत, गुडघे कुरकुरतात.

दगड वाचायचा तो इथे. अकरा-बारा कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशियस काळात, जमिनीखाली थंड झालेला हा ग्रॅनाइट. उभ्या-आडव्या फटींनी त्याचे ठोकळे पडलेले, कडा झिजून गोल झालेल्या. सह्याद्रीच्या थरावर थर रचलेल्या काळ्या बसाल्टची सवय असलेल्या डोळ्याला हा डोंगर विस्कटलेला वाटतो. पण पाण्याच्या दृष्टीने या फटीच महत्त्वाच्या: पाऊस त्यातून मुरतो, दगडातले क्षार घेत खाली झिरपतो आणि झऱ्यांना येतो. बाटलीबंद ‘लाओशान’ पाण्याचा धंदा गेल्या शतकापासून यावरच चालतो. त्याच कंपनीचं हिरव्या बाटलीतलं एक औषधी वनस्पतीचं फसफसणारं पाणी आहे. चवीला ओल्या चटईसारखं म्हणून चीनभर कुप्रसिद्ध, आणि उत्सुकतेपोटीच खूप खपतं. दोघांत एक बाटली घ्यावी.

मात्र हा डोंगर एक कोटीच्या आसपास लोकांना पाणी पाजू शकत नाही. पाऊस वर्षाला साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, पुण्याच्या जवळपास, आणि तोही उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत. नद्या आखूड. बेइज्यूश्वेइच्या दरीतला प्रसिद्ध धबधबा वसंतात नुसती ओली रेघ असतो. तो बघायचा तर ऑगस्टमध्ये जावं. 1989 पासून पीत नदीचं पाणी अडीचशे किलोमीटरहून लांब कालव्याने जिहोंगतान जलाशयात आणलं जातं, त्यात समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यांची भर पडली आहे. म्हणजे डोंगराच्या पाण्याच्या नावावर प्रसिद्ध झालेलं शहर नळाला मुख्यतः दूरच्या नदीचं पाणी पितं.

उतरताना शीलाओरेन किनाऱ्यावर थांबावं. समुद्रात उभा 17 मीटरचा खडक, पाठीत वाकलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसायचा. ऑक्टोबर 2022 मधल्या वादळी पावसात त्याचा वरचा भाग कोसळला. जुन्या छायाचित्रांच्या पाट्या अजून शेजारी आहेत. तुलना करून बघता येते.

रात्री जेवायला बायू, म्हणजे सुरमईच्याच कुळातला मासा. वसंतात जावयाने सासऱ्याला हा मासा न्यायचा इथे रिवाज आहे, त्यामुळे या दिवसांत मोठ्या माशाचा भाव चढतो. त्याचे मोमो करतात. मांस चमच्याने खरवडून काढायचं, अर्धा किलोला 200 ते 250 मिली मिरीसारख्या ह्वाज्याओचं गार पाणी, थोडं थोडं करून, एकाच दिशेने ढवळत. एकदम ओतलं तर सारण फुटतं. मग चरबीचं डुकराचं मांस आणि लसणाची पात. डुकराचं खात नसाल तर आधी विचारावं, कारण ते दिसत नाही. बायू फार लवकर खराब होतो आणि शिळा खाल्ला तर अंगावर पित्त उठतं. कल्ले लालभडक आणि पाठ कडक असेल तोच घ्यावा.

पाचवा दिवस: खाडीचं तोंड

1 क्रमांकाची मेट्रो खाडीच्या तोंडाखालून पलीकडे हुआंगदाओला जाते. समुद्राखालचा बोगदा 8.1 किलोमीटर, सगळ्यात खोल जागा समुद्रसपाटीखाली 88 मीटर. अर्थात खिडकीतून काळोखच दिसतो. कानांत दडे बसतात तेवढीच खूण.

या शहराचं सगळ्यात मोठं धन म्हणजे हे तोंड. खाडी साधारण 32 किलोमीटर लांब आणि 27 रुंद, तोंड मात्र जेमतेम तीन किलोमीटर. भरती-ओहोटीत सरासरी 2.8 मीटरचा फरक. एवढ्या पसरट खाडीचं पाणी दिवसातून दोनदा त्या तीन किलोमीटरमधून आत-बाहेर करतं, म्हणून प्रवाह तळ घासून काढतो आणि तोंडाशी खोली साठ मीटरच्या वर आहे. आत लाटांपासून आसरा, हिवाळ्यात बर्फ जवळपास नाही. जर्मनांना हेच हवं होतं. 1904 मध्ये त्यांनी जिनानपर्यंत सुमारे 395 किलोमीटरची रेल्वे पूर्ण केली आणि शांतुंगच्या आतल्या भागातला कोळसा बोटींत भरला.

आज दिशा उलटी झाली आहे. छियानवानला 2017 पासून माणसाविना चालणारा कंटेनर तळ आहे. नैऋत्येला दोंगज्याकोउला चार लाख टनांची लोहखनिजाची जहाजं लागतात. खनिज, तेल, कोळसा आता बाहेरून येतो. तेलाच्या टाक्या आणि वाहिन्या वस्तीत मिसळल्याची किंमतही या भागाने मोजली आहे: नोव्हेंबर 2013 मध्ये गळक्या वाहिनीतलं तेल पावसाच्या गटारात शिरलं, वाफ साचली आणि स्फोटात 62 माणसं गेली. बंदराच्या आत पर्यटकांना प्रवेश नाही. क्रेनची रांग बघायची तर खाडीवरच्या पुलावरून टॅक्सीने परतावं.

पुलावरून उत्तरेला बघताना हिशेब मांडावा. 1928 मध्ये खाडी सुमारे 560 चौरस किलोमीटर होती, आता साडेतीनशेच्या आसपास. मिठागरं, मग कोळंबीची तळी, मग कारखाने आणि इमारती, असा भराव पुढे सरकला. उथळ कडा बुजवल्या की नुसत्या तिसऱ्यांची शेतं जात नाहीत. खाडीत भरतीला कमी पाणी शिरतं, तोंडातून कमी वेगाने बाहेर पडतं, आणि गाळ बसायला लागतो. म्हणजे बंदराची फुकटची साफसफाई बंदरासाठी केलेल्या भरावानेच मंदावते. गेल्या दशकात खाडीभोवती संरक्षणरेषा आखून भराव थांबवला आहे. उशीर झाला, पण थांबवला.

हुआंगदाओच्या बाजूला दुपारी केल्प सुकवण्याची लगबग दिसते, दोरीवर दोन-दोन मीटरच्या तपकिरी पट्ट्या. हे शेवाळ इथलं नाही, जपानकडून आलेलं. 1950 च्या दशकात छिंगदाओच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी तरंगत्या दोऱ्यांवर त्याची शेती बसवली. त्यातून निघणारं अल्जिनेट आईस्क्रीमपासून दाताच्या साच्यापर्यंत सगळीकडे जातं. जूनमध्ये येणारं हिरवं शेवाळ वेगळं. ते दक्षिणेच्या च्यांगसू किनाऱ्यावर, नोरी या खाण्याच्या शेवाळाच्या शेतीच्या दोऱ्या-बांबूंवर रुजतं, सुटतं आणि दक्षिणेच्या वाऱ्याने इथवर वाहत येतं. 2008 च्या ऑलिंपिकच्या नौकास्पर्धांआधी दहा लाख टनांहून जास्त काढावं लागलं, आणि तेव्हापासून दर वर्षी येतंच. किनाऱ्यावर कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो.

खनिज म्हणून शहराच्या हद्दीत महत्त्वाचं ते उत्तरेला लाइशीजवळच्या नानशूचं पत्री ग्रॅफाइट, पेन्सिलीपासून बॅटरीपर्यंत वापरलं जाणारं. पण तिथे खास जाऊ नये. खाण बंद कुंपणाआड आहे आणि बाहेरून दिसते ती राखाडी धूळ.

परतताना सामानात चहा हवाबंद पाकिटातच घ्यावा. सुट्या चहाला सुक्या मासळीचा वास तासाभरात लागतो. सुकी कोळंबी किंवा बायू न्यायचाच असेल तर दुकानदाराकडून निर्वात पॅकिंग करून घ्यावं, वर दोन पिशव्या, आणि चेक-इनच्या बॅगेत कपड्यांपासून लांब. पॅकिंगचे पैसे वेगळे पडतात. उत्तर स्थानकावर 8 क्रमांकाची लाइन पकडताना गाडी विमानतळापर्यंत जाते की आधीच थांबते, हे फलाटावरच्या पाटीवर बघून घ्यावं.